ज्याच्या हातात आमिष

६ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड काल दुकानात आलं. पोस्टमननं ते गिऱ्हाइकांसमोर काउंटरवर टाकलं, मी अक्षर बघितलं आणि हातातला खिळ्यांचा डबा उपडा झाला. अजून सापडतायत खिळे. अकरा वर्षांनी पत्र, आणि त्यात मोजून चार ओळी: 'किनाऱ्यावरून गळ कसा फेकायचा ते पहिल्यापासून लिही. काही गाळू नकोस. २८ मार्चला येतो, लांब खडकावर जाणार आहे. घरचं काही लिहू नकोस.' कारखान्यात शिलाई मशिनं दुरुस्त करता करता माणसाशी बोलायचं विसरलास की काय?

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्रच लिहितो. घरचं लिहायचं नाही, बरं. आई बरी आहे. हे घरचं नाही, हवामान समज.

आता नीट वाच. हे मी दुकानात आठवड्यातून चार जणांना तरी सांगतो. पोट रंग आणि खिळे विकून भरतं, पण गळाच्या कोपऱ्याशी कोणी रेंगाळलं की माझं तोंड बंद होत नाही, हे तुला माहीतच आहे.

काठी फार लांब घेऊ नकोस. तुझ्या दीडपट उंचीची पुरे. नवशिका नेहमी सगळ्यात लांब काठी मागतो आणि तासाभरात खांदा धरून बसतो. काठीच्या टोकापासून शिशाचं वजन हातभर खाली लोंबू दे. तंगूस, म्हणजे रिळावरचा नायलॉनचा दोरा, तर्जनीत अडकव. मग रिळावर तारेची कडी असते ती उघड. ती उघडी असेल तरच तंगूस सुटतो, मिटली की थांबतो. फेकण्याआधी मागे कोणी उभं नाही ना, बघ. काठी खांद्यावरून मागे ने आणि पुढे आण. आदळू नकोस, शिशाला त्याचं काम करू दे. काठी डोळ्यांसमोर आली की बोट सोड. लवकर सोडलंस तर शिसं आभाळात जाईल, उशिरा सोडलंस तर पायाशी आपटेल. पहिले वीस वेळा दोन्ही होईल. शिव्या घाल आणि परत फेक.

शिसं पाण्यात पडलं की लगेच हातानं कडी मीट. हे विसरू नकोस. बाबा म्हणायचे, उघड्या कडीची काठी हातातून खाली ठेवणारा माणूस मला दाखवा, मी त्याला पाणी पाजतो.

आणि लांब फेकायची हौस नको. मासा तुझ्या पायाशी असतो, लाट जिथं खडकाला धडकून वाळू उकरते तिथं. नवशिके त्याच्या डोक्यावरून पलीकडे फेकतात आणि मासा नाही म्हणून माझ्या दुकानाला नावं ठेवतात.

लांब खडकाचं मात्र मनातून काढ. शिकायचं तर धक्क्यावर शीक, कठडा आहे, बसायला बाक आहेत. तो खडक कसा आहे ते तू लहानपणी लांबूनच बघितलंस. बोटासारखा समुद्रात गेलेला, आणि बोटाच्या मुळाशी चर. ओहोटीला चर कोरडा, चालत जाता येतं. भरती सुरू झाली की पुढचा खडक कोरडाच राहतो आणि मागचा चर आधी भरतो. तोंड समुद्राकडे असलेल्या माणसाला पत्ताच लागत नाही. बाबांचं तेच झालं. पाणी मागून आलं, त्यांच्या लक्षात आलं नाही. मी हाका मारल्या. मी तेव्हाही हेच सांगितलं होतं. तू म्हणालास, 'बाबा विसरणं शक्य नाही.' मी म्हणालो, 'तू होतास का तिथं?' तेवढ्या एका वाक्यावर तू घर सोडलंस.

बघ, घरचं लिहिलंच शेवटी.

तुझा,
दादा

१९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

दुसरं कार्ड मिळालं. यावेळी पाच ओळी, प्रगती आहे. पण एक आभार नाही, एक 'दादा' नाही. सरळ प्रश्न: आमिष कोणतं, लावायला किती वेळ लागतो, त्या वेळात काठी कुठं असते, आणि दोघं असतील तर दुसरा तेव्हा काय करतो.

आमिषाबद्दल विचारलंस म्हणून तुझे शंभर गुन्हे माफ. फेकायला कोणीही शिकतं, पण आमिष लावायला हात लागतो.

कोळंबी घे. ताजी हवी. जी तू स्वतः खाणार नाहीस ती माशाला देऊ नकोस. डोकं काढ, साल काढ, शेपटीकडून गळ घाल आणि अंगातून वळवत आण. टोक बाहेर दिसलं पाहिजे. नवशिके टोक लपवतात, त्यांना वाटतं मासा घाबरेल. मासा घाबरत नाही, आमिष खाऊन तोंड पुसून जातो. कोळंबी मऊ असते, फेकीच्या झटक्याला उडते, म्हणून बारीक रबरी दोऱ्याचे दहाबारा वेढे दे. माकूल, तुमच्याकडे स्क्विड म्हणतात ते, मिळालं तर करंगळीएवढी पट्टी काप. ते चिवट असतं, नवशिक्याला बरं. आणि अर्धा किलो आमिष एका गळावर लादू नकोस. दर वीस मिनिटांनी ओढून बघ, धुऊन पांढरं पडलं असेल तर बदल.

वेळ? माकुलाला अर्धं मिनिट. कोळंबी नीट बांधायची तर तीन ते चार. मला पाच लागायचे. बाबा हसायचे. 'तू माशाला जेवण देतोयस की साडी नेसवतोयस?' त्या थट्टेचा मला फार राग यायचा, आता सांगायला हरकत नाही.

त्या वेळात काठी खडकाच्या भेगेत उभी रोवायची. तंगूस पूर्ण गुंडाळलेला, कडी मिटलेली, गळ तुझ्या हातात. दुसरं काही असूच शकत नाही, कारण गळ पाण्यात असेल तर आमिष लावणार कशाला?

दुसरा काय करतो, विचारतोस. दुसरा मासे धरतो रे, आणि पहिल्याला चिडवतो.

गंमत म्हणजे गेल्या आठवड्यात दोन नवीन चेले मिळाले. शाळेतले मास्तर आणि त्यांची बायको. मास्तर निवृत्त होतायत, बायको म्हणाली, 'घरात बसून माझ्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा हे बरं.' दोघांना काठ्या दिल्या, दुकानामागच्या बोळात फेकायला शिकवलं. बाई मास्तरांपेक्षा लांब फेकतात. मास्तरांची बोलती बंद.

मी स्वतः जात नाही आता. गुडघा दुखतो.

आईला तुझ्या कार्डांबद्दल अजून सांगितलेलं नाही. तू २८ला खरंच आलास तर सांगेन. उगाच तिचा जीव टांगणीला लावायचा नाही. आणि हो, २८ला ओहोटी ऐन दुपारच्या आधी आहे, खडकावर जायला सोयीची. तू तारीख पंचांग बघून निवडलीस की सहज? मला जरा कळव.

तुझा,
दादा

५ मार्च

धाकट्या,

तुझं तिसरं कार्ड तीन दिवस गल्ल्याखाली ठेवून बसलोय.

बाबांची काठी तुझ्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. चौकीतून तू त्यांची चप्पल आणि पिशवी आणलीस, एवढंच आम्हाला माहीत. मला वाटलं काठी समुद्रानं नेली. अकरा वर्षं एखादी वस्तू घरातून लपवून ठेवायची आणि मग कार्डावर चार ओळीत विचारायचं, ही काय पद्धत झाली? 'भेगेत रोवलेली सापडली. कडी उघडी आहे, तशीच गंजून घट्ट बसली आहे. रिळावर तंगूस शिल्लक नाही. मी हात लावलेला नाही. तुझ्या पत्रांप्रमाणे बाबा काय करत होते?'

माझ्या पत्रांप्रमाणे! म्हणजे दोन पत्रं मी तुला प्रेमानं शिकवत होतो आणि तू माझी उलटतपासणी घेत होतास. तू मला तसं आधी सांगायचं होतंस.

कडी लाटेनंही उघडते. खडकावर रात्रभर लाटा आपटत होत्या. तू मशीनवाला माणूस, तुला कळायला हवं, स्प्रिंग ढिली झाली की काय होतं. तंगूस पाणी ओढून नेतं. यात काही नाही. मी चौकीत लिहून दिलं तेच खरं: बाबा आमिष लावत होते, माझा गळ पाण्यात होता, त्यांचं लक्ष गेलं नाही. जाताना म्हणाले, 'आईला सांभाळ.' मी सांभाळतोय.

आईही हेच धरून आहे. तिनं त्यांच्या सगळ्या वस्तू खोक्यात भरून माळ्यावर टाकल्या. अकरा वर्षांत त्यांचं नाव काढलं नाही, काढलं तर एकच: 'स्वतःच्या बेफिकिरीनं गेला तो माणूस.' हे तुला उकरायचं आहे का? या वयात?

२८ला येऊ नकोस. आलास तर खडकावर जाऊ नकोस. एकटा तर अजिबात नाही.

दादा

११ मार्च

धाकट्या,

मागचं पत्र फाडून टाक. नको, ठेव. माझं खोटं माझ्याच अक्षरात तुझ्याकडे असू दे.

काल दुपारी दुकानात मास्तर आणि त्यांची बायको आले. दोघंही छातीपर्यंत भिजलेले, मास्तरांच्या कोपरातून रक्त येत होतं, बाईंच्या पायात एकच चप्पल. लांब खडकावर गेले होते. मी त्यांना कुठं जाऊ नका ते सांगितलं नव्हतं, फक्त कसं फेकायचं ते सांगितलं होतं. दोघांचे गळ पाण्यात, दोघांची तोंडं समुद्राकडे. चर भरला. बाईंना पोहता येतं म्हणून मास्तर आज आहेत. मी टॉवेल दिले, चहा मागवला. मास्तर टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसले. बाई बोलल्या. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, 'दादा, दोरा किती वेळा गुंडाळायचा ते तुम्ही सांगितलंत. मग हे का नाही सांगितलं?'

माझ्याकडे याचं उत्तर होतं, पण ते त्यांना देण्यासारखं नव्हतं, ते तुझं आहे.

तू विचारलंस, एक जण आमिष लावत असेल तेव्हा दुसरा काय करतो. प्रश्न तू उलटा विचारलास, किंवा मुद्दाम तसा विचारलास. दुसऱ्याला काही करायचं नसतं. नियम पहिल्याला आहे. बाबांचा लांब खडकावरचा एकच नियम होता: ज्याच्या हातात आमिष, त्यानं मागे बघायचं. आमिष लावायचं ते समुद्राकडे पाठ करून, चराकडे तोंड करून. बोटं आपलं काम करतात, डोळे चरावर. चरातला तो गोल काळा दगड ओला झाला की ओरडायचं आणि दोघांनी निघायचं. ज्याचा गळ पाण्यात आहे त्यानं मागे वळायचंसुद्धा नाही. त्यानं विश्वास ठेवायचा. म्हणूनच दोघांनी एकदम गळ टाकायचे नाहीत. मी हा नियम अकरा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेला नाही. सांगायला तोंड उघडलं की पुढचं सगळं बाहेर येईल असं वाटायचं.

त्या दिवशी सकाळचे दहा वाजले होते. बाबांनी गळ टाकला. कडी उघडी होती कारण ते फेकत होते. आमिष माझ्या हातात होतं.

माझी कोळंबी आधीच्या दोन्ही फेकींत उडाली होती. बाबा हसले होते, साडीचं बोलले होते. मी चिडून बसलो. मला दाखवायचं होतं की माझं आमिष सुटत नाही. आणि सकाळचं ऊन जमिनीच्या बाजूनं येत होतं, चराकडे तोंड केलं की ते डोळ्यांवर यायचं, दोरा दिसायचा नाही. म्हणून मी वळून बसलो. समुद्राकडे तोंड करून. पाच मिनिटं नाही रे, दहा झाली असतील. वेढे दिले, पसंत पडले नाहीत, सोडवले, परत दिले. बत्तीस वर्षांचा घोडा, आणि कोळंबीला दोरा गुंडाळत बसलो होतो.

बाबांनी नुकताच परत गळ फेकला होता, शिसं पाण्यात पडायच्या आतच त्यांच्या टाचेला पाणी लागलं आणि ते वळले. त्यांनी चर बघितला, मग मला बघितलं. कोणीकडे तोंड करून बसलोय ते बघितलं. काठी तशीच भेगेत खुपसली. कडी मिटायला वेळ नव्हता. मी एकही हाक मारली नाही. मला कळलंच नव्हतं.

चरात पाणी छातीच्या वर होतं आणि दोन्ही बाजूंनी ओढत होतं. त्यांनी मला पुढे ढकललं. 'आधी तू.' मी आधी गेलो. वाद घातला नाही, हे पण लिहून ठेवतो. पलीकडच्या दगडाला हात लागला, वळलो, तर लाट येऊन गेली होती आणि चरात कोणी नव्हतं.

'आईला सांभाळ' असं ते म्हणाले नाहीत. ते मी रचलं. लोक विचारायचे, शेवटी काय म्हणाले, शेवटी काय म्हणाले. ते खरं काय म्हणाले ते सांगतो. पाण्यात उतरताना माझी मूठ मिटलेली होती. त्यांनी ती बघितली आणि म्हणाले, 'अरे, ते टाक आधी हातातलं.'

कोळंबी हातातच होती, धाकट्या. बांधलेली.

चौकीत साहेबांनी विचारलं, 'मागे बघायचं काम कोणाचं होतं?' बाहेर बाकावर आई बसली होती. मी म्हणालो, बाबांचं. एकदा म्हणालो आणि मग ते परत घेता येईना. तू 'शक्य नाही' म्हणालास तेव्हा तुझ्या तोंडावर ओरडलो, कारण तुला खरं कळलं होतं.

गुडघा दुखत नाही. मी घाबरून जात नाही.

आईला उद्या सांगतो. तू यायच्या आधी सांगायला हवं, नाहीतर तू आलास म्हणून सांगितलं असं होईल. या घरात तुझं तोंड बघायची माझी लायकी नाही असं तुला वाटलं तर तसं लिही. नियम मात्र पाठ कर. बाकी काही विसरलास तरी चालेल.

दादा

१७ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड आलेलं नाही. रोज पोस्टमनच्या पिशवीकडे बघतो, तो पण आता माझी नजर टाळतो. तरी हे लिहितो, कारण २८ला अकरा दिवस उरलेत आणि पत्राला सहा लागतात.

आईला उद्या उद्या करत चार दिवस गेले. काल सकाळी सांगितलं. ती मटार सोलत होती. मी समोर स्टुलावर बसलो आणि तुला लिहिलं तसंच सगळं सांगितलं, क्रम न बदलता. तिचा हात एकदाही थांबला नाही. शेवटच्या शेंगेपर्यंत सोलले. मग म्हणाली, 'म्हणजे त्यांनी मागे बघितलं नाही ते नियमानंच?'

'हो.'

'त्यांची चूक नव्हती.'

'नव्हती. माझी होती.'

ती उठली. म्हणाली, 'माळ्यावरचं खोकं काढ.' मी शिडी लावून काढलं. तिनं त्यातून त्यांचा थर्मास बाहेर घेतला, खडकावर चहा न्यायचे तो. झाकण अडकलं होतं, मी हात पुढे केला तर तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. स्वतःच उघडला. आत गेल्या वेळचा चहा वाळून तळाला चिकटला होता. ती तो पाऊण तास घासत होती. नळ चालू ठेवला होता, पण मला ऐकू येत होतं. नंतर बाहेर येऊन म्हणाली, 'अकरा वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या. झोपताना, उठताना. ते कुठं ऐकत असतील तर त्यांना काय वाटलं असेल?'

मी शिडी परत जागेवर ठेवली.

'तू जेवून घे,' म्हणाली. 'माझ्याशी बोलू नकोस. कधी बोलायचं ते मी सांगेन.' अजून सांगितलेलं नाही. ताट वाढते, ठेवते आणि आतल्या खोलीत जाते. थर्मास तिच्या उशाशी आहे. तुझी कार्डं तिला दिली, तीनही. ती तिनं चष्मा लावून वाचली आणि घडी न घालता थर्मासखाली ठेवली. मला रडू आलं, ते मी दुकानात जाऊन रडलो. लोकांना वाटलं टर्पेंटाइन डोळ्यात गेलं.

मास्तरांच्या घरी जाऊन आलो. नियम सांगितला, आणि तो माझ्याकडे कसा राहिला तेही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मास्तरांनी काठ्या परत केल्या, मी घेतल्या. दुकानात गळाच्या कोपऱ्यात आता त्या नियमाची पाटी लावली आहे, लाल रंगात, माझ्या हातानं. अक्षर वाकडं आलंय पण वाचता येतं. चौकीतली जबानी बदलायला मी सोमवारी जाणार आहे. तू यायची वाट बघत नाही.

आता २८चं. तू येशील की नाही मला माहीत नाही. आलास तर मला भेटायला येशील असं नाही, पण खडकावर जाशील हे नक्की. तू बाबांचा मुलगा आहेस. म्हणून सांगतो. सकाळी साडेअकराला पाणी तळाला असेल. दहाच्या आधी चर ओलांडू नकोस आणि साडेबाराच्या पुढे एक मिनिट थांबू नकोस. काळा दगड अजून तिथंच आहे, परवा जाऊन बघून आलो. अकरा वर्षांनी गेलो, पण गेलो.

त्यांची काठी आण. कडी सोडवू नकोस, ती तशीच राहू दे. फेकायला मी दुसरी ठेवतो. माकूल पण मीच आणतो, कोळंबी नको.

मी नऊ वाजल्यापासून चराशी उभा असेन. तुला मी नको असेन तर लांबून हात कर, मी चराच्या अलीकडे थांबून तिथूनच दगड बघेन. हवा असेन तर काठी तुझी, आमिष माझ्या हातात. समुद्राकडे पाठ करून, चराकडे तोंड करून.

बाबा म्हणायचे, गळ पाण्यात असणाऱ्यानं मागे वळायचं नाही, विश्वास ठेवायचा. तू तसं करू नकोस. दर फेकीला वळून बघ, मी कुठं बघतोय ते. मला राग येणार नाही.

दादा